माझी झडती घेणारी तू कोण

"हा कर."

मागच्या फाटकात उभी होती मी. चपला पायातच. भाभी वरच्या पायरीवर, गाऊनवर ओढणी घेऊन. ओढणीचं टोक नाकाले लावलेलं. नाकही झाकायचं अन् वासही घ्यायचा. दोन्ही तिले एकदम जमत होतं.

मी तोंड उघडलं. हा केलं.

"असं नाही. जोरात. पोटातून."

पोटातून केलं.

फाटकाच्या बाहेर भाजीवाला मेथीच्या जुड्या झटकत होता. त्याचा हात थांबला. ड्रायव्हर गाडी पुसत होता, त्यानं फडकं तसंच काचेवर धरून ठेवलं. बाई पेली की नाही पेली, ह्याचा निकाल सगळ्यांले ऐकायचा होता.

"कांदा खाल्लास?"

"हाव. भाकरीसंग."

"उद्यापासून खाऊन येऊ नकोस. कांद्याच्या वासात कळत नाही मग. बडीशेप, लवंग असलंही काही तोंडात टाकायचं नाही. जा आत. हात धू."

मी आत गेली. मागून ड्रायव्हरनं तोंड वासून "हाऽऽ" केलं. भाजीवाला हसला.

त्या दिवसापासून माझ्या सकाळच्या भाकरीतला कांदा गेला. कोरडी भाकर पाण्यासंग गिळायची अन् कामाले निघायचं. माझ्या घरात, माझ्या ताटात काय असावं, हे नागपूरच्या लकडगंजातली एक बाई ठरवत होती. अन् मी ठरवू देत होती.

भाभीचा नवरा लाकडाचा मोठा व्यापारी. घरापासून चार दुकानं सोडून त्यांची आरामशीन. दिवसभर तिचा आवाज, दिवसभर भुसा. तो भुसा त्यांच्या पांढऱ्या फरशीवर दिसायले नको, म्हणून दोन बाया नुसत्या पुसायले होत्या. मी स्वयंपाकाले.

मी दारू पीत होती हे भाभीले कोणी सांगितलं? मीच. कामाले लागली त्या पहिल्या दिवशी, स्वतःच्या तोंडानं. ते काहून सांगितलं ते सांगते.

आम्ही कोष्टी. बापाच्या घरी लुगडी विणायचा खड्डामाग होता. माग बसला, मंग बापही बसला. माय अन् मी लग्नाच्या स्वयंपाकात पुऱ्या लाटायले जाऊ लागलो. पुढे लग्न झालं, पोट्टी झाली, नवरा दुसरीसंग निघून गेला, पण पुऱ्या लाटणं सुटलं नाही. उन्हाळ्यातल्या नागपुरात मांडवामागं कढई पेटलेली असते, तिथं पहाटपासून उभं राहून पाहा. कमर तुटते. ठेकेदार माणसांले दारू द्यायचा. मंग बायांलेही स्टीलच्या गिलासात देऊ लागला. "घे वं, थकवा उतरते." थकवा उतरला. मंग थकवा नसतानाही गिलास लागू लागला. मंग लग्नं नसतानाही.

माझी पोट्टी तेव्हा शाळेत होती. मी बाहेर जाऊ नये म्हणून एक दिवस तिनं माझ्या चपला लपवल्या. मे महिना, भर दुपार. मी तशीच निघाली. अनवाणी. डांबर पाघळलेलं होतं. पाय उचलायचा अन् खाली ठेवायचा, उचलायचा अन् ठेवायचा, नाचल्यावानी गेली दारूच्या भट्टीपर्यंत. तिथले लोक हसले. मी पेली अन् तशीच वापस आली. तळव्यांची कातडी दवाखान्यात सोलून काढली. तिथल्या सिस्टरनं पाय बांधता बांधता दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीचा पत्ता सांगितला. म्हणे, "पाय बरे झाले की तिकडे जा. इकडे परत आलीस तर मी पट्टी बांधणार नाही."

पोट्टीले माझ्या वहिनीनं उमरेडले नेलं. मी बैठकीत गेली.

एका शाळेच्या वर्गात संध्याकाळी बैठक भरते. लेकरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसतात. मी गेली तेव्हा बाई मी एकटीच. एक जण बोललाच, "इथं बाई कायले?"

तेव्हा मागच्या बाकावरून एक म्हातारा बोलला. कारखान्यातून रिटायर झालेला फिटर. सगळे त्याले काकाच म्हणत. "काहून गा? दारू काय बाई-माणूस पाहून चढते का?"

त्या काकानं मले धरून ठेवलं. त्याचं म्हणणं दोनच गोष्टींचं. सकाळी उठलं की देवाले म्हणायचं, आजचा दिवस सांभाळ, माझ्यानं होत नाही. संध्याकाळी बसायचं अन् दिवस तपासायचा. कुठं खोटं बोलली, कोणाले दुखवलं, कायले भ्याली, कोणाचा राग आला. जे सापडन ते देवापुढं ठेवायचं. लपवायचं नाही.

मी म्हटलं, "काका, कोणता देव? मले तर कोणताच पटत नाही."

"तुले जो परवडन तो. पण त्याले खोटं सांगायचं नाही."

मायच्या घरून आलेला देवीचा फोटो होता. त्याच्याकडे पाहायची मले हिंमत नव्हती. म्हणून मी उंबरठ्यावर बसायची, डोळे मिटून. पुढं गल्ली, नाली, शेजारच्या बाईची कोंबडी. तिथं बसून म्हणायची, पाह्य देवा, आज असं झालं. कधी शिव्या द्यायची त्याले. कधी रडायची. दारू सुटली. मी नाही सोडली. माझी ताकद मले माहीत आहे, मी अनवाणी गेलेली बाई आहे. दुसरं कोणीतरी धरलं मले, एवढं मी मानते.

जिथं काम करशील तिथं खोटं बोलून लागू नको, असं काकानं सांगितलं होतं. म्हणून भाभीले सांगितलं. सगळंच सांगितलं. चपलांचं, तळव्यांचं, पोट्टीचं. तिच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाली, "तू राहा. आम्हालाही पुण्य लागेल."

दुसऱ्या दिवशीपासून "हा कर."

आता हे ऐका. त्या घरात दर रविवारी दुपारी वरच्या मजल्यावर साहेबांची बैठक. लकडगंजातलेच चार-पाच व्यापारी. बाटल्या काचेच्या कपाटात, कपाटाले आतून दिवा. देवघरालेही दिवा होता, पण कपाटाचा जास्त लख्ख. काजू कोण तळन? मी. बर्फ कोण वर नेईन? मी. भाभी स्वतः बर्फाचं भांडं माझ्या हातात द्यायची. जिच्या तोंडाचा वास सकाळी घेतला, तिच्याच हातात दुपारी बर्फ.

त्या जिन्यात मी काय होती हे कोणाले सांगू? वरून वास यायचा. तोंडाले पाणी सुटायचं. बर्फ भांड्यात वाजायचा. मी प्रत्येक पायरीवर म्हणायची, देवा, ह्या पायरीवर राहा. आता ह्या पायरीवर. दारात भांडं ठेवायची अन् पळत खाली यायची. एकदा एक पाहुणा म्हणाला, "अरे, ये तो भाग गई." साहेब म्हणाले, "डरती है. पुरानी खिलाडी है." सगळे हसले. म्हणजे भाभीनं नवऱ्याले सांगितलं होतं. नवऱ्यानं पाहुण्यांले.

एकदा मी भाभीले म्हटलंही, "वर बर्फ दुसऱ्या कोणाकडून पाठवा ना. मले त्रास होते."

ती म्हणाली, "मन पक्कं असेल तर काही होत नाही. ही तुझी परीक्षाच समज."

संध्याकाळी उंबरठ्यावर बसायची तेव्हा रोज एकच सापडायचं. राग. भाभीवरचा राग. अन् मी काय करायची? तो राग माझी चूक म्हणून देवापुढं ठेवायची. देवा, मले राग येते, माझं मन मळकं आहे, मले नम्र कर. महिनोन् महिने हेच. सकाळी ती माझी झडती घ्यायची अन् संध्याकाळी मी तिच्या वतीनं पुन्हा माझीच झडती घ्यायची. पोलीस झडती घेते तेव्हा निदान गुन्हा तरी सांगते. इथं गुन्हाही मीच शोधून देत होती.

बैठकीत विचारलं तर काका म्हणाला, "सोडून दे पोरी. दुसऱ्याचं पाहू नको. आपल्या बाजूची चूक पाह्य."

मी पाहत राहिली. सापडत नव्हती, तरी पाहत राहिली.

मंग तो रविवार आला.

त्या दिवशी भाभीकडे सत्संग होता. हॉलमध्ये गाद्या टाकलेल्या, तीस-चाळीस बाया. चंदेरी, पैठणी, मोगऱ्याचे गजरे, एसी. एक ताई बोलायले आलेल्या, त्यांचा विषय व्यसनमुक्ती. अन् त्याच वेळी वरच्या मजल्यावर साहेबांचा नेहमीचा रविवार. त्यात खंड नाही. मी नुकतीच वर बर्फ देऊन आली होती अन् आता सत्संगाच्या प्रसादाबरोबर द्यायले भजी तळून राहिली होती. हाताले कोपरापर्यंत बेसन.

"अगं, बाहेर ये जरा."

भाभीनं बोलावलं. मी हात धुवायले वळली.

"राहू दे, राहू दे, तशीच ये."

तशीच गेली. भाभीनं माझ्या खांद्याले धरलं. कधी हात न लावणारी बाई, त्या दिवशी खांद्याले धरलं अन् मले बायांपुढं उभी केली.

"ताई, तुम्ही सांगत होतात ना, ही बघा जिवंत उदाहरण. ही रोज प्यायची. आम्ही हिला त्यातून बाहेर काढलं."

टाळ्या वाजल्या. मी बेसनाचे हात पोटाजवळ धरून उभी.

"सांग ना गं, काय काय करायचीस. लाजू नकोस, सगळ्या आपल्याच आहेत."

मी हातावरचं बेसन पाहत राहिली.

तर तीच सांगू लागली. माझ्या पोट्टीनं चपला लपवल्याचं. मी अनवाणी गेल्याचं. मी डोळे पुसत सांगितलेलं तिनं हसत सांगितलं. डांबरावर मी कशी पाय उचलत गेली, ते तिनं गादीवर उभं राहून करून दाखवलं. पैठणी वर धरून. बाया हसल्या. एकीनं हसता हसता तोंडाले रुमाल लावला. माझं जळालेलं कातडं होतं ते. त्यावर हसल्या.

"पोरीला मारायचीस ना तू?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

"मारत असशील गं, आठवत नसेल. प्यायलेल्याला कुठे आठवतं!" पुन्हा हसू. मंग ती ताईंकडे वळली. "मी रोज चेक करते हिला. एक दिवस चुकवत नाही. दाखव गं ताईंना. हा कर."

मी तिच्याकडे पाहिलं.

"अगं कर ना. हा."

त्याच वेळी वरून आवाज आला. साहेबांचा. जीभ जड झालेली. "अरे बर्फ कुठाय? कोणी आहे का खाली?"

हॉलमधल्या सगळ्या बायांनी ऐकलं. सगळ्यांले माहीत होतं तो आवाज कायचा आहे. एकीचीही मान वर गेली नाही. सगळ्या माझ्या तोंडाकडेच पाहत होत्या.

तेव्हा माझ्या आत काहीतरी सरळ झालं. मोडलं नाही. सरळ झालं. मी म्हटलं,

"भाभी, पहिले वर जा. साहेबांले म्हणा, हा करा. मंग खाली येऊन मले म्हणा."



भाभीचा चेहरा पांढरा पडला अन् मंग लाल. "काय म्हणालीस? कोणाशी बोलतेस तू? तुझी औकात काय? दारूडी ती दारूडीच राहणार."

"हाव," मी म्हटलं. "दारूडी आहे मी. देवाले रोज सांगते. रोज माझी झडती देते त्याले. तुम्हाले द्यायचं काही काम नाही. तुम्ही काही माझ्या देव नाही."

"निघ! आत्ताच्या आत्ता निघ माझ्या घरातून!"

"निघूनच राहिली. कढईखालचा गॅस बंद करून घ्या."

मी निघाली. फाटकात ड्रायव्हर होता. त्या दिवशी त्यानं तोंड वासलं नाही.

हे ऐकून तुम्हाले वाटन, झालं, बाई जिंकली. काही नाही जिंकली. रस्त्यावर आली. बेसन हातावर वाळत होतं, कातडी ओढत होती. डोक्यात एकच. भाभीनं दारूडी म्हटलं ना? टाळ्या वाजवणाऱ्या बायांनी मानलं ना? मंग पेऊनच दाखवते. कोणासाठी राहायचं कोरडं? पाय आपोआप वळले. लकडगंजातून माझ्या घराच्या वाटेवर देशी दारूचं दुकान आहे. जाळीची खिडकी. मी त्या खिडकीपुढं जाऊन उभी राहिली. आतला माणूस ओळखीचा.

"अरे, आली का? लय दिवसांनी! काय देऊ वं?"

मी मागं सरली. बाजूले पानठेल्याचा बाक होता, त्यावर बसली. अन् देवावर तुटून पडली. म्हटलं, हेच पाहिजे होतं का तुले? रोज तुह्यासमोर बसली. रोज म्हटलं मले नम्र कर. किती नम्र करतं? मातीत घालतं का? सांग आता, नाही तर मी पिऊन राहिली, पाह्य डोळे उघडून.

काही आवाज-बिवाज आला नाही. देव माझ्याशी कधी बोलला नाही. पण सवय होती ना, तपासायची. संध्याकाळ व्हायची होती, उंबरठा दूर होता. मी तिथंच तपासायले बसली. भर दुपारी, दारूच्या दुकानाजवळ.

खोटं बोलली का आज? नाही.

कोणाले लुबाडलं का? नाही.

राग आला का? आला. मोठ्ठा आला.

ह्यात माझी चूक कोणती?

मी शोधली. खरंच शोधली. खोटं सांगायचं नाही, एवढीच तर अट होती. अन् पहिल्यांदा उत्तर आलं. नाही. ह्यात माझी चूक नाही. चूक तिची आहे. हे जे मी इतके महिने देवापुढं नेऊन ठेवत होती, ते माझं नव्हतंच. तिची घाण मी माझी म्हणून वाहत होती, अन् त्याले नम्रता म्हणत होती. देवाले मी खोटंच सांगत होती. नम्रता देवापुढं असते. माणसापुढं वाकवलेल्या मानेले लाचारी म्हणतात. दोन्हीत मान खालीच असते, म्हणून मले फरक कळला नव्हता.

"काय वं, घेतं की नाही?" खिडकीतून आवाज आला.

"नाही," मी म्हटलं. उठली. चालू लागली. घरी येईपर्यंत देवाचं नाव घेतलं. भक्तीनं नाही. दात खाऊन.

दारात माझी पोट्टी बसली होती. ती रविवारी उमरेडहून यायची. माझा चेहरा पाहून उठली, गळ्यात पडली. अन् गळ्याजवळ नाक नेऊन तिनं हळूच श्वास घेतला. तिले वाटलं मले कळलं नाही. मी श्वास रोखला नाही. उलट मोठा श्वास सोडला तिच्या तोंडावर. तिले पाहिजे तितक्या वेळा घेऊ दे वास. तिचा हक्क आहे. चपला तिनं लपवल्या होत्या, शरम तिनं भोगली होती. भाभीचं काय होतं त्यात?

संध्याकाळी बैठकीत सगळं सांगितलं. काका म्हणाला, "पेली नाही हे चांगलं झालं. पण पोरी, उद्या जाऊन माफी मागून ये. चार लोकात बोलायले नको होतं. राग आपल्याले पुन्हा दारूकडे नेते."

माझा जीव वाचवणारा माणूस. त्याच्यापुढं कधी उलट बोलली नव्हती.

"नाही काका. लाचारीनं मले खिडकीपर्यंत नेलं. रागानं वापस आणलं."

"हे तुझं मन बोलून राहिलं."

"हाव. अन् ते खरं बोलून राहिलं. माझी चूक असती तर तुम्ही म्हणायच्या आधी पाय धरले असते. धरले आहेत. वहिनीचे धरले, पोट्टीचे धरले. हिचे नाही धरणार."

काका उठून बाक सरळ करू लागला. पटलं नसन त्याले. नसू दे.

पुढं भाभीनं गल्लीत पसरवलं की बाई सत्संगात पिऊन आली अन् तमाशा केला. त्या भागात मले कोणी स्वयंपाकाले ठेवलं नाही. दोन घरांनी दारातूनच परत पाठवलं. महिन्याभरानं तोच ड्रायव्हर माझ्या घरी आला. "भाभी म्हणते, आठ दिवसांवर पूजा आहे, पुरणपोळी कोणाले जमत नाही. सॉरी म्हण, ठेवून घेते म्हणे."

मी म्हटलं, "तिले सांग, पुरणपोळी बाजारात मिळते."

तो गेला नाही. घुटमळला. म्हणाला, "ताई, मीही पितो. ते बैठकीचं कुठं आहे?" मी पत्ता सांगितला. चहा दिला नाही. पत्ता दिला. तो देवाचा आहे, माझा नाही, म्हणून दिला.

आता मी कळमेश्वरच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. सकाळच्या बसनं जाते. पोट्टी माझ्याजवळ आहे. बैठकीत आता अजून एक बाई येते, नवीन आहे, कोपऱ्यात बसते. तिले सगळे माफ करायले शिकवतात. मलेही अजून म्हणतात, माफ कर, त्याशिवाय मन मोकळं होत नाही.

मी भाभीले माफ केलं नाही.

हे मी संध्याकाळी उंबरठ्यावर बसून देवाले सांगते. रोज. त्याच्यापासून लपवत नाही. म्हणते, पाह्य, हे अजून आहे माझ्याजवळ. तुले काढून घ्यायचं असन तर घे, मी धरून नाही ठेवलं. पण तिच्या सोयीसाठी मी हे टाकून देणार नाही. अन् ह्या रागाचं निमित्त करून पिणारही नाही.

मागायचं ते त्यालेच मागीन, दारूपासून वाचव म्हणून. चूक माझी असन तर भर चौकात कबूल करीन. दुसऱ्याची असन तर त्याच चौकात नाव घेऊन सांगीन. माझ्या पडण्यावर उभं राहून कोणी पुण्य कमवायले आलं, तर त्याच्या पायाखालून मी उठीन. पडला तर पडू दे.